हँडल उंचावण्याआधी मागचा शॉकप मोजा

दसरा झाला की मला येणारी पत्रं बदलतात. पावसाळ्यात बॅटरी, चेन आणि गंज. दसऱ्यानंतर वाटा वाळतात, लोक गाड्या डोंगराकडे काढतात आणि मग मनगट, खांदा, पाठ. या वेळच्या पत्रांत निम्मी हँडलबद्दल आहेत आणि उरलेली सस्पेन्शनबद्दल. साताऱ्यात बावीस वर्षं गॅरेज चालवून माझं मत असं झालंय की हे दोन वेगळे विषय नाहीतच. म्हणून या वेळी सगळी पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझी हिरो एक्सपल्स २०० ४व्ही आहे. उंची ५ फूट १०, वजन ६८ किलो. वरंध घाटाच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर अर्धा तास उभं राहून चालवली की मनगटापासून कोपरापर्यंत हात दगडासारखे होतात. क्लच दाबवत नाही. हँडल उंच करणारे ३० मिलिमीटरचे रायझर टाकले, हँडल अंगाकडे ओढून घेतलं, जेलचे ग्लोव्हज घेतले. काही फरक नाही. आता जाड टेपर हँडल घेऊ का?
– एक वाचक, भोर

उत्तर : हे पत्र आल्यावर मी तुम्हाला फोन करून गाडी घेऊन रविवारी घरी बोलावलं होतं. तेव्हा जे केलं तेच इथे सगळ्यांसाठी लिहितो.

आधी एक फरक समजून घ्या. तळहात दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर तुम्ही हँडलवर भार टाकताय, म्हणजे हँडल ढकलताय. मनगट ते कोपर आवळून येत असेल, तर तुम्ही हँडलला लोंबकळताय. तुमचं दुखणं दुसऱ्या प्रकारचं होतं. जाड हँडल घेऊन लोंबकळणं थांबत नाही. साध्या हँडलचा व्यास २२ मिलिमीटरच्या आसपास असतो, टेपर हँडलचा क्लॅम्पजवळ साधारण २८. ते पडल्यावर लवकर वाकत नाही आणि थोडे हादरेही पचवतं, पण तुमचा तोल सावरणं हे त्याचं काम नाही.

म्हणून अंगणात आल्याबरोबर मी तुम्हाला हँडलला हात लावू दिला नाही. माझ्या मुलीने पुढचं चाक गुडघ्यांत धरलं, मी मागून कॅरिअर धरलं आणि तुम्हाला फूटरेस्टवर उभं केलं. गुडघे किंचित वाकलेले, कंबरेतून पुढे झुकायचं, हात मोकळे. पाच सेकंद. दुसऱ्याच सेकंदाला तुम्ही मागे पडायला लागलात आणि हँडल पकडलंत. हे सुटलं तर अर्धं दुखणं सुटतं: पायांवर तोल राहायला हवा, हात फक्त दिशा द्यायला. फूटरेस्टवरचं रबर ओलं झालं की सटकतं. ते काढता येत असेल तर ट्रेलसाठी काढून ठेवा. खालच्या दात्यांनी बुटाला पकड मिळते.

मग टेप काढली. माझ्या मते प्रत्येक ट्रेलच्या गाडीवाल्याकडे जेलच्या ग्लोव्हजआधी शिंप्याची नाही, सुताराची टेप असायला हवी. मागचं चाक जमिनीवरून उचललं, म्हणजे शॉकप पूर्ण सुटा झाला. आसाच्या नटापासून सरळ वर, सीटखालच्या पॅनेलवर चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि त्यावर पेनाने रेघ मारली. अंतर ५६० मिलिमीटर. गाडी जमिनीवर ठेवली, दोनदा दाबून सोडली : ५२८. म्हणजे गाडी स्वतःच्याच वजनाने ३२ मिलिमीटर बसली. मग तुम्ही हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी असे सगळे ट्रेलचे कपडे घालून चढलात : ४८६. एकूण ७४ मिलिमीटर.

या गाडीच्या मागच्या चाकाची चाल, म्हणजे ते वर-खाली किती हलू शकतं ते माप, १७० मिलिमीटर आहे. ट्रेलसाठी तुमच्यासकट गाडी चालीच्या साधारण एक तृतीयांश बसली पाहिजे, म्हणजे ५५ च्या आसपास. नुसती गाडी एक दशांशाच्या आसपास, म्हणजे १५ ते २०. या बसण्याला सॅग म्हणतात. तुमची गाडी जवळपास २० मिलिमीटर जास्त बसत होती. प्रीलोडची रिंग, म्हणजे शॉकपची स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी रिंग, सगळ्यात खालच्या पायरीवर होती आणि ती कुणी फिरवली नव्हती हे चिखलाच्या थरावरून दिसत होतं.

आता हाताशी संबंध काय ते पाहा. मागचं बूड खाली गेलं की पुढचा भाग वर उठतो. फूटरेस्टवर उभं राहिलात की शरीर मागे कलतं. मागे कलणारा माणूस काय करतो? हँडल ओढतो. चढावर तर पुढचं चाक आधीच हलकं असतं, तिथे आणखी ओढतो. तुम्ही अर्धा तास गाडी चालवत नव्हता, बारला लोंबकळून शिडी चढत होता. रायझरने हँडल वर गेलं आणि ते अंगाकडे ओढल्याने तुम्ही आणखी मागे गेलात. तुमच्या तीन उपायांपैकी दोन उपाय दुखणं वाढवणारे होते, हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण ते खरं आहे.

हुक पाना लावण्याआधी रिंगवर आणि धाग्यांवर पाणी मारून जुन्या दातब्रशने घासलं. चिखलासकट रिंग फिरवली की दात खाल्ले जातात. मग पायरी पायरीने वर, प्रत्येक वेळी गाडी दाबून सोडून माप. शेवटी नुसती गाडी १४ वर आणि तुमच्यासकट ५६ वर आली. लक्षात घ्या, दोन्ही आकडे सारखेच, १८-१८ मिलिमीटरने कमी झाले. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही. ती फक्त गाडीची उंची सावरते. हा मुद्दा पुढच्या पत्रात पुन्हा लागेल.

मागचं बूड जागेवर आल्यावरच हँडलला हात लावला. रायझर मी काढायला लावले नाहीत, बूड जागेवर आल्यावर तुमच्या उंचीला ते योग्य आहेत. क्लॅम्प ढिले करून हँडल पुढे फिरवलं, इतकं की बाजूने पाहिल्यावर वर जाणारा भाग पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या, रेषेत दिसेल. सुरुवात नेहमी इथून करा. हँडल अंगाकडे फिरवलं की कोपर बरगड्यांना चिकटतात आणि दगडावर चाक झटका देतं तेव्हा तो झटका खांद्यात जातो. पुढे असलं की कोपर आपोआप बाहेर पडतात. मग डोळे मिटून उभं राहायचं आणि हात सहज पुढे न्यायचे. मूठ जिथे येते तिथे ग्रिप असावी. दोन-तीन मिलिमीटर फिरवलं तरी फरक कळतो.

लिव्हर शोरूममधून येतात त्या बसून चालवणाऱ्यासाठी. उभ्याने चालवताना कोपरापासून तर्जनीपर्यंत एक सरळ रेघ दिसली पाहिजे, मनगट वर मोडलेलं नको. त्यासाठी दोन्ही लिव्हर खाली कलवल्या आणि त्यांचे हँडलवरचे धारक सेंटीमीटरभर आत सरकवले, म्हणजे बोट लिव्हरच्या टोकाला पडतं, तिथे कमी जोर लागतो. ब्रेकच्या बाजूला एक काळजी : ऑइलची डबी फार कलली तर आत हवा ओढली जाऊ शकते. डबीच्या काचेत ऑइल दिसत राहील इतपतच फिरवा. धारकाचे स्क्रू पक्के करा, पण आवळून मारू नका. मी धारकाखाली नळाच्या जोडाला लावतात ती पांढरी टेप दोन फेरे गुंडाळतो. गाडी पडली की धारक फिरतो आणि लिव्हर वाचते.

शेवटी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. क्लचची वायर ताणली जाते का, ब्रेकचा पाइप कुठे घासतो का. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून पुन्हा तेच. हँडल वळवल्यावर इंजिनचा आवाज चढला, तर ॲक्सिलेटरची वायर ओढली जातेय. रायझर बसवलेल्या गाडीत ही तपासणी केल्याशिवाय फाटकाबाहेर पडू नका. तुमच्या गाडीत डावीकडे पूर्ण वळवल्यावर क्लचची वायर खरंच ताणली जात होती. अर्ध क्लच दाबलेलं राहत होतं. ती आतल्या बाजूने फिरवून घेतली.

हँडल क्लॅम्पचे बोल्ट : काही गाड्यांत पुढचे आधी पूर्ण आवळून फट फक्त मागे ठेवायची असते, काहींत दोन्हीकडे सारखी फट. मॅन्युअलमध्ये बघा आणि टॉर्कचा (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) पाना नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा. ॲल्युमिनियममधले धागे एकदा गेले की रडायची वेळ येते.

तुम्ही संध्याकाळी फोन करून सांगितलंत की भोरपर्यंत मधल्या कच्च्या वाटेने आलो आणि हात ठीक आहेत. मला आनंद झाला. पण बोटं बधिर होणं कुणाला दोन-तीन दिवस टिकत असेल, तर ते गाडीवर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, सध्या कॅलिफोर्नियात. शनिवारी होलिस्टर हिल्सला ट्रेलवर जातो. होंडा सीआरएफ ३०० एल घेतली आहे. माझं वजन सगळ्या कपड्यांसह १०४ किलो. मागचा शॉकप प्रत्येक खड्ड्यात खाली आपटतो. प्रीलोड शेवटपर्यंत आवळला आहे. तुमच्या जुन्या लेखातल्यासारखं मोजलं : नुसती गाडी ८ मिलिमीटर बसते, माझ्यासकट १०२. आता आणखी काय आवळू?
– एक वाचक, सॅन होजे

उत्तर : काही आवळू नका. तुमच्या दोन आकड्यांतच उत्तर आहे आणि मोजून पाठवलंत याबद्दल आभार मानतो. पत्रात माप असलं की मी इथून शपथेवर सांगू शकतो.

या गाडीची चाल पुढे-मागे २६० मिलिमीटर आहे. तुमच्यासकट ८५ च्या आसपास बसायला हवी, बसतेय १०२. नुसती गाडी २५ च्या आसपास बसायला हवी, बसतेय ८. म्हणजे तुम्ही चढता तेव्हा स्प्रिंग जास्त दबते आणि उतरता तेव्हा जवळजवळ पूर्ण ताठ उभी राहते. ही स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे, याहून स्पष्ट लक्षण नाही. प्रीलोड आणखी मिळाला असता तर दोन्ही आकडे सारखेच कमी झाले असते, १०२ चं ८५ झालं असतं आणि ८ चं शून्य. मग उतरणीला मागचं चाक खड्ड्यात खाली पोचतच नाही. ते हवेत लटकतं आणि ब्रेक लावला की सरकतं.

उलटंही लक्षात ठेवा. माणसासकट माप बरोबर आणि नुसती गाडी खूप बसत असेल, तर स्प्रिंग कडक आहे. हलक्या अंगाच्या लोकांना हे दिसतं.

ही गाडी कंपनीतून येताना रस्ता आणि ट्रेल दोन्ही सांभाळायला मऊ ठेवलेली असते, तुमच्यापेक्षा बऱ्याच हलक्या चालकासाठी. मागे तुमच्या वजनाची स्प्रिंग घ्या आणि त्याच वेळी पुढच्या फोर्कमध्येही. फक्त मागे कडक केलं तर पुढचं नाक खाली जाईल आणि सगळा भार तळहातांवर येईल. तिकडे वजनानुसार स्प्रिंग मिळतात, विकणाऱ्याला पूर्ण कपड्यांसह वजन सांगा. न्हाणीघरातल्या काट्यावर आंघोळीनंतर घेतलेलं वजन सांगू नका. बूट, हेल्मेट, छातीचं कवच आणि पाणी मिळून दहा किलोच्या जवळ सहज जातं.

प्रश्न : काका, माझी उंची ५ फूट २ इंच, वजन ५१ किलो. बाबांनी एक्सपल्स घेऊन दिली आहे. सीट ८२५ मिलिमीटर, दोन्ही पाय टेकत नाहीत. एका गॅरेजवाल्याने मागची स्प्रिंग दोन वेढे कापून देतो म्हटलंय. कापू का? आम्ही सुट्टीला गावामागच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) चालवतो.
– एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : बेटा, नको. त्या गॅरेजवाल्याला नाही म्हणून सांग आणि गाडी तिथून आण.

वेढे कापले की उरलेली स्प्रिंग आणखी कडक होते, मऊ नाही. तारेचा एक लहान तुकडा वाकवून बघ आणि मग लांब तुकडा वाकव. लहान तुकडा वाकत नाही. तू आधीच हलकी आहेस, तुला कडक स्प्रिंग मुळीच चालणार नाही. शिवाय चाल कमी होते, इंजिनखालची जागा कमी होते आणि कापलेलं टोक नीट बसत नाही.

लोअरिंग किट त्यापेक्षा बरं, पण त्याचेही हिशेब आहेत. गाडी खाली आली की बाजूचा स्टँड लांब पडतो, गाडी सरळ उभी राहते आणि वाऱ्यानेसुद्धा दुसऱ्या बाजूला पडते. मागे खाली केली आणि पुढे नाही, तर वर भोरच्या पत्रात लिहिलेलं सगळं तुझ्या गाडीत होईल, बूड खाली आणि हातांना ताण. म्हणून हा उपाय शेवटी.

आधी तीन गोष्टी कर. प्रीलोडची रिंग खालच्या पायरीवर आण आणि बाबांना टेप धरायला सांगून माप घे. तुझ्या वजनाला गाडी चालीच्या एक तृतीयांशाच्या आसपास बसते का ते बघ. दुसरं, सीटचा फोम पुढच्या बाजूने आणि दोन्ही कडांनी घासून घे. कडा अरुंद झाल्या की पाय सरळ खाली जातो, नुसत्या उंचीपेक्षा हा फायदा मोठा. जुन्या सीटचं कव्हर शिवणारे लोक हे काम छान करतात. फोम जपून, थोडा थोडा काढायला सांग. तिसरं, दोन्ही पाय टेकवायचा हट्ट सोड. थांबताना डावा पाय, अंग सीटवरून डावीकडे सरकवून, उजवा पाय ब्रेकवर. सपाट मैदानावर पन्नास वेळा थांब आणि नीघ. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या कमी उंचीच्या मुली आठवड्याभरात हे करतात आणि मग उंच मुलांपेक्षा नीट थांबतात, कारण त्यांना थांबायची जागा आधी निवडायची सवय लागते.

लिव्हरचंही बघ. तुझे हात लहान असतील. क्लचची लिव्हर फार लांब वाटत असेल तर वायर आवळून ती जवळ येत नाही, त्याने फक्त क्लच घसरायला लागतं. अंतर कमी-जास्त करता येणाऱ्या लिव्हर मिळतात. त्या घे, ते पैसे वाया जात नाहीत.

आणि सड्याबद्दल. बैलगाडीची जुनी वाट असेल तिच्यावरच गाडी ठेव. सड्यावर कातळावर बोटभर माती असते आणि पावसाळ्यात तिच्यात उगवणारी काही फुलं तिथल्यासारखी दुसरीकडे नाहीत. एका टायरच्या चरातून पुढच्या पावसात ती माती वाहून जाते आणि परत येत नाही. तुला गाडी नीट बसवून देण्याइतकंच हेही मला महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न : माझ्याकडे एक्सपल्स २०० ४व्ही प्रो आहे. पुढे-मागे सगळं ॲडजस्ट होतं. यूट्यूबवर पाहून सस्पेन्शनच्या स्क्रूचे क्लिक फिरवले, आता मूळ जागा आठवत नाही. उतारावर मागून गाडी उडते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मूळ जागा मॅन्युअलमध्ये असते. आधी तिथे परत जा. क्लिक मोजायची पद्धत अशी : स्क्रू घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण आत, टेकल्यावर जोर लावायचा नाही, आणि तिथून बाहेर येताना मोजायचं. पूर्ण बाहेरून आत मोजू नका, ते माप प्रत्येक गाडीत वेगळं निघतं.

या गाडीची चाल साध्या मॉडेलपेक्षा बरीच जास्त आहे, पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर. म्हणून वरचे आकडे वाचून ५५ लावू नका, मागे सत्तरच्या घरात हवं. सॅग आधी, क्लिक नंतर. सॅग चुकलेल्या गाडीवर क्लिक फिरवणं म्हणजे कापलेल्या चपलेला पॉलिश करणं.

मागून उडते याची दोन कारणं असतात आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एका मोठ्या दगडावरून गेल्यावर सीट खालून ढकलते आणि तुम्ही पुढे फेकले जाता, तर रिबाउंड (दबलेला शॉकप परत वर येण्याचा वेग) फार मोकळा आहे, दोन क्लिक आवळा. पण सलग लहान खड्ड्यांवर पहिला-दुसरा ठीक जातो आणि पाचव्या-सहाव्याला गाडी लाकडासारखी ठोकते, तर रिबाउंड फार आवळलेला आहे. शॉकप परत वर यायच्या आत पुढचा खड्डा येतो आणि तो खाली खालीच अडकत जातो. तिथे उलट दोन क्लिक मोकळा करा. तुमच्या पत्रातून दोन्हीपैकी कोणतं ते कळत नाही, म्हणून तुम्हालाच बघावं लागेल.

एकच स्क्रू, दोन क्लिक, तीच शंभर मीटरची वाट, तोच वेग. शॉकप गरम झाल्यावर, निदान पंधरा मिनिटं चालवल्यावर. आणि वही. मी सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीत शाळेची छोटी वही ठेवतो, पेन्सिलसकट, कारण पेन घामाने आणि पावसाने फुटतं.

प्रीलोड एका उतारासाठी खूप वाढवू नका, हे मी अनुभवाने सांगतो. माझी पहिली ट्रेलची गाडी हिरो इम्पल्स, तिच्यावर सामान लादायचं म्हणून मी मागची रिंग शेवटपर्यंत नेली होती. सामान उतरवल्यावर परत आणली नाही. कोयनेकडे उतरताना मुरमावर मागचं बूड इतकं उंच होतं की पुढचं चाक सरळ जाईना, हँडल डावी-उजवीकडे फडफडलं आणि मी खांद्यावर पडलो. तीन आठवडे गॅरेज बंद. तेव्हापासून सामान उतरलं की आधी रिंग, मग चहा.

प्रश्न : सत्तरी तालुक्यातल्या जांभ्या दगडाच्या वाटांवर गाडी फार कडक वाटते. सस्पेन्शन मऊ कसं करायचं?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : टायरची हवा किती आहे? पेट्रोल पंपावरच्या पोराने बुलेटची म्हणून ३५ भरली असेल, तर जगातला कोणताही शॉकप ती गाडी मऊ करू शकत नाही. जांभ्यावर सकाळी गार टायरमध्ये १८ ते २० पीएसआय ठेवून बघा, रस्त्यावर परतताना पुन्हा भरा. ट्यूबचे टायर असतील तर १८ च्या खाली नको, धारदार कडेवर रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चेपून फुटते. हातपंप आणि मीटर सोबत ठेवा. ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं, तिथे हवा कितीही कमी केली तरी पकड नाही, तिथे हळूच चालवा.

यानंतरही कडक वाटली तर पत्र पाठवा, सोबत सॅगची दोन्ही मापं.

प्रश्न : रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११. पुढच्या फोर्कच्या एका पायातून ऑइल झिरपतं. मेकॅनिक म्हणतो सील बदला, दोन्ही. खरंच लागतं का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : दरवेळी नाही. गळणाऱ्या फोर्कपैकी कितीतरी गाड्यांत सील फाटलेलंच नसतं, त्याच्या ओठाखाली माती अडकलेली असते. रबरी बूट वर सरकवा, आतली माती कापडाने पुसा. धूळसील हळूच वर काढा. जुन्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह असेल तर तिची पट्टी घ्या, नसेल तर थंड पेयाच्या बाटलीचा पातळ तुकडा कापून एका टोकाला आकड्यासारखी खाच करा. सील आणि नळीच्या मधे घालून गोल फिरवा. काळा चिखल बाहेर येतो. नळी पुसा, गाडी दहा वेळा दाबा. स्वच्छ राहिली तर सील वाचलं. तरी झिरपलं तर मेकॅनिकचं बरोबर, दोन्ही बदला आणि ऑइलही दोन्हीकडे सारखंच भरून घ्या. नळीवर नखाला लागणारा ओरखडा असेल तर मात्र नवीन सीलही टिकणार नाही, आधी तो ओरखडा बघा. आणि झिरपलेलं ऑइल ब्रेकच्या पॅडवर गेलेलं नाही ना, ते आजच तपासा.

एक जोडून सांगतो. पुढचं चाक काढून बसवल्यावर आसाचे बाजूचे छोटे बोल्ट लगेच आवळू नका. चाक बसवा, ब्रेक धरून पुढचा भाग आठ-दहा वेळा जोरात दाबा, मग ते बोल्ट आवळा. नाहीतर दोन पाय एकमेकांशी तिरके राहतात, फोर्क अडखळत चालतो आणि माणूस महिनाभर स्प्रिंगला शिव्या घालतो.

प्रश्न : तुम्ही नेहमी दोन माणसं लागतात म्हणता. मी एकटा राहतो. सॅग कसा मोजू?
– एक वाचक, पैठण

उत्तर : पुढचं सोपं आहे. रबरी बूट वर करून फोर्कच्या नळीवर एक प्लॅस्टिकचा टाय घट्ट, पण सरकेल असा बांधा आणि सीलला टेकवा. पूर्ण कपडे घालून गाडीवर हळू बसा, पाय वर घ्या, हळू उतरा. टाय वर सरकलेला दिसेल. पुढचं चाक हवेत उचलून सील ते टाय अंतर मोजा, तितकी गाडी तुमच्यासकट बसली. त्यातही एक गोष्ट : उतरताना गाडीला धक्का लागला तर टाय आणखी सरकतो, म्हणून तीनदा करा आणि मधला आकडा धरा.

मागच्यासाठी गाडी भिंतीला समांतर, हातभर अंतरावर उभी करा. मागच्या पॅनेलच्या रेघेच्या उंचीवर भिंतीला चिकटपट्टी उभी लावा. गाडीवर बसून भिंतीला एका कोपराने टेका, दोन्ही पाय फूटरेस्टवर, आणि मोकळ्या हाताने पॅनेलच्या रेघेसमोर भिंतीवर पेन्सिलची खूण करा. कोपराने फक्त तोल धरा, भार देऊ नका. आधी चाक हवेत असतानाची खूण, मग नुसत्या गाडीची, मग तुमच्यासकटची. तीन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. भाड्याचं घर असेल तर पेन्सिल चिकटपट्टीवरच चालवा, भिंतीवर नको.